उंबऱ्याचा दगड

६ ऑक्टोबर, रविवार

आले एकदाची! बीडहून तेलगाव, पुढं दिंद्रुड, आणि तिथून काळीपिवळी जीपमध्ये अकरा माणसं, दोन कोंबड्या आणि माझी गादी, असा प्रवास करून वाडीत पोचले. आरोग्य उपकेंद्र नवंकोरं आहे. मागं दोन खोल्यांचं क्वार्टर आणि त्याला लागून एक बुटकी टेकडी, इथं तिला बर्डी म्हणतात. शेजारच्या भिवराबाई तांब्याभर पाणी घेऊन दारात हजर. सत्तरीच्या असतील, पण जीभ चांगली धारदार. मी शिस्टर नाही, समुदाय आरोग्य अधिकारी आहे, हे दोनदा सांगितलं. तिसऱ्यांदा नाद सोडला.

घोटाळा एकच. क्वार्टरमध्ये मोबाइलला रेंज नाही, एक काडीसुद्धा नाही. रेंज फक्त बर्डीवर, सगळी वाडी तिथंच जाऊन बोलते म्हणे. माझ्या लेकीला, आरोहीला, आईकडं बीडला ठेवून आले त्याला सहा तास झाले होते आणि जीव थाऱ्यावर नव्हता, म्हणून चपला बदलून तशीच निघाले. मुरमाची घसरडी पायवाट, दोन्हीकडं पिवळाजर्द फुललेला तरवड, सलवारीला कुसळंच कुसळं. वीस मिनिटांची तर चढण, पण मला धाप लागली, पेशंटला रोज चाला म्हणून दटावणाऱ्या बाईला!

वर पोचले. एवढीशी बर्डी, पण अख्खा मुलूख दिसतो. एका अंगाला दिंद्रुडची घरं, तेलगावकडं उसाचा हिरवा पट्टा, मधे कापसाचे पांढरे तुकडे, पार लांब धरणाचं पाणी. आणि खाली पायाशी माझं क्वार्टर. अंगण, कपड्यांची दोरी, छतावरची काळी टाकी, दारापुढची पायरीसुद्धा दिसते. आरोहीला व्हिडिओवर सगळं फिरवून दाखवलं. तिचे बाबा गेल्यापासून पोरगी माझ्याशिवाय एक दिवस राहिलेली नाही, पण आज रडली नाही. मी आल्यावर तुला तिथून दिसेन का, असं विचारलं तिनं. म्हटलं, फाट्यावर वळलीस की लगेच दिसशील. मग ठरलंच आमचं. तिनं खालून हात हलवायचा, मी वरून. दिवाळीच्या सुट्टीत, २७ तारखेला, माझा भाऊ प्रविण तिला मोटारसायकलवर घेऊन येणार आहे.

आता रोज इथं येणार, फोन करणार आणि इथंच बसून रोजनिशी लिहिणार.

१४ ऑक्टोबर, सोमवार

दसरा झाला आणि आज निम्मी वाडी ऊसतोडीला निघाली. ट्रॉल्यांत भांडी, शेळ्या, लेकरं, सगळा संसार. सहा महिन्यांची गरोदर एक पोरगी होती. तिला चांगली झापली, लोहाच्या गोळ्या दिल्या, आणि ती हसून ट्रॉलीत चढली.

सकाळी फोनसाठी वर गेले तर माणसांची ही गर्दी. प्रत्येक घरानं आपल्या उंबऱ्यापाशी पडलेला एक दगड आणलेला. बर्डीच्या माथ्यावर दगडांचा ढीग आहे, त्यात तो ठेवायचा, खाली उतरायचं आणि थेट ट्रॉलीत बसायचं. घरात परत कोणी पाऊल टाकलं नाही, अगदी विसरलेली कळशी आणायलासुद्धा. भिवराबाईंचा मुलगा आश्रुबा घाईत होता. घरचा दगड हाय, मागं घर राखतो, एवढं बोलून तो उतरायला लागला.

मला फार आवडलं हे. माझं घरही दिवसभर एकटंच असतं की. सगळे गेल्यावर खाली आले, पायरीजवळचा एक काळा दगड घेतला, पांढऱ्या रेघेचा, आणि परत वर येऊन ढिगाच्या अगदी शेंड्यावर ठेवला. एका दिवसात दोनदा बर्डी, शाबास तेजश्री! आरोहीला फोटो पाठवला. आता घरी जाऊन मस्त चहा टाकते.

१७ ऑक्टोबर, गुरुवार

वाडी रिकामी रिकामी वाटते. म्हातारी माणसं आणि कुत्री तेवढी उरलीत.

काल संध्याकाळी दमून घरी गेले तर केर काढलेला, कपडे दोरीवरून काढून घडी करून ठेवलेले. भिवराबाईंना म्हटलं, कशाला एवढा त्रास घेता? त्या म्हणाल्या, तुमच्या घरात मी कशाला शिरू? वय झालंय, विसरल्या असतील. कुलूप मी लावलं होतं का, ते मात्र आठवत नाही.

१९ ऑक्टोबर, शनिवार

कुलूप लावलं होतं. आज दोनदा ओढून बघितलं आणि किल्ली मुठीत धरूनच वर आले.

आरोहीशी बोलता बोलता सहज खाली बघितलं. माझ्या अंगणात एक बाई पाठमोरी उभी होती. दोरीवरचे कपडे काढत होती. सावकाश, एकेक झटकून, मी झटकते तसेच. अंगावर मोरपंखी साडी. माझी मोरपंखी साडी पेटीत आहे.

फोन तसाच बंद करून धावत उतरले, दोन्ही गुडघे फोडून घेतले. कुलूप जसंच्या तसं होतं. आत कपड्यांची घडी. हे लिहायला परत वर आलेय. घरात बसून लिहवेना.

२१ ऑक्टोबर, सोमवार

दिवसभर दिंद्रुडला मीटिंग होती. परस्पर बर्डी चढले आणि फोन लावला, तर आरोही कुरकुरली की दुपारी एवढं बोललीस, आता परत काय? मी म्हणे स्वयंपाकघरात बसले होते. तिला खिडकीचा नवा पडदा दाखवला. शेवटी दोन पाढे म्हणून घेतले.

स्वयंपाकघरात रेंज नाही. खिडकीला पडदाही नाही.

२२ ऑक्टोबर, मंगळवार

पडदा आहे. माझ्याच ओढणीचा शिवलाय, टाके माझ्यासारखेच मोठे मोठे.

पहाटेच भिवराबाईंकडं गेले आणि सगळं सांगितलं. दगडाचं कळल्यावर त्यांच्या हातातली परात खाली पडली.

"दगड ठिवून परत उंबऱ्यात काहून गेलीस गं लेकी?"

त्या मला नेहमी तुमी म्हणायच्या. आज तू म्हणाल्या, त्यानंच मी जास्त घाबरले. त्यांनी जे सांगितलं ते असं. वर दगड ठेवला की माणूस निघून गेलं, असं घराला वाटतं. मग घर उघडं पडू नये म्हणून राखण येते. राहते, झाडलोट करते, त्या घरच्या बाईसारखी वागते. घरची माणसं फाल्गुनात परत येतात, आधी बर्डीवर जाऊन दगड खाली आणतात, उंबऱ्याशी ठेवतात, मगच आत जातात. राखण निघून जाते. इतकी वर्षं कधी काही वाकडं झालं नाही. पण मी गेलेच नव्हते. एका घरात दोघी झालो.

मी विचारलं, मग आता काय करू? त्या म्हणाल्या, दगड तूच खाली आण, आजच्या आज. ज्यानं दगड खाली आणला, घर त्याचं, मग दुसरीला खाली जागा नाही.

लगेच वर आले. शेंड्यावर माझा दगड नाही.

२३ ऑक्टोबर, बुधवार

सकाळपासून ढीग उपसतेय. शेकडो दगड, पांढऱ्या रेघेचा एकही नाही. बोटं सोलली. रात्री भिवराबाईंकडं झोपले होते, क्वार्टरमध्ये पाऊल टाकलेलं नाही.

इथून उपकेंद्र दिसतं. ते उघडं आहे. दारात पेशंटची रांग आहे. मी इथं आहे आणि तिथं रांग पुढं सरकतेय.

२५ ऑक्टोबर, शुक्रवार

प्रविणला फोन केला. आरोहीला आणू नकोस, घरात साथीचा पेशंट आहे, असं काहीबाही सांगितलं. तो हसला. म्हणाला, ताई, तूच सकाळी म्हणालीस लवकर निघा म्हणून. मी ओरडले की ती मी नव्हते. तो हळूच म्हणाला, एकटी राहून तुझ्या मनावर परिणाम झालाय, आरोही आली की बरं वाटेल.

माझ्या लेकीला तिच्या हातात देणार तो. हसत हसत देणार. काय करू मी? सांगितलेलं कोण ऐकणार?

उद्या सगळा ढीग मुळापर्यंत उपसायचा. नाही सापडला तर जीप धरून बीडला जायचं आणि आरोहीला घट्ट धरून बसायचं. गेली खड्ड्यात नोकरी.

२६ ऑक्टोबर, शनिवार

दगड मिळाला. म्हणजे दिसला.

तळ लागला तेव्हा दुपार झाली होती. पाठ सरळ करायला उभी राहिले आणि खाली बघितलं. ती अंगणात आली. पदरात काहीतरी होतं. पायरीजवळ बसली, ते खाली ठेवलं, हातानं नीट बसवलं. काळं. एवढ्या लांबून रेघ दिसत नाही — पण मला माहीत आहे, मी ढीग उपसत होते तेव्हा तो आधीच तिच्याकडं होता.

मग तिनं उंबरा ओलांडला. उजवा पाय आधी.

मी लगेच उतरायला लागले. मुरूम, तरवड, वळणावरचं बोरीचं झाड — आणि पुढं परत माथा. परत उतरले. बोर — माथा. सात वेळा. पायवाट सोडून सरळ घसरत गेले, कपडे फाटले. परत ढिगापाशीच आले.

भिवराबाई त्यांच्या दारात बसलेल्या दिसतात. घसा फुटेपर्यंत हाका मारल्या. त्यांनी एकदा वर बघितलं, हात जोडले आणि आत गेल्या.

प्रविणनं फोन उचलला. हॅलो, हॅलो, कोण बोलतंय — आणि ठेवून दिला. पाच वेळा. नंतर फोन विझला.

२७

उजाडलं. भूक नाही. तहानही नाही. हे बरं लक्षण नाही, कोणत्याही पेशंटला मी असंच सांगितलं असतं.

दारात मोठी रांगोळी आहे. आरोहीला आवडते ती, कमळाची. मीच शिकवलीय तिला.

—

मोटारसायकल. फाट्यावर. लाल फ्रॉक.

नको आणूस रे प्रविण — परत फिर —

मोटारसायकल थांबली. ती दारात आली, मोरपंखी साडी. हात पसरलेत. आरोही उतरली, पळाली — आणि अंगणाच्या मधोमध थांबली. तिच्याकडं बघतेय. पुढं जात नाही. माझी शहाणी लेक, पुढं जात नाही —

आता वर बघतेय. इकडं. बर्डीकडं.

हात हलवतेय! ठरल्याप्रमाणे. मी उठले, दोन्ही हातांनी, ओढणी काढून — बाळा, मी इथं आहे, इथं बघ —

ती आरोहीजवळ आली. खाली वाकून विचारतेय काहीतरी. आरोही बोट दाखवतेय माझ्याकडं.

तिनंही वर बघितलं. हात वर केला. हलवला मला. मी हलवते तसाच.

आणि आरोही हसली. तिचा हात धरला. दोघी दाराकडं —

आरोही, उंबरा नको ओलांडू, तो दगड उचल, बाळा, पायरीजवळचा काळा दगड, उचल आणि ये, तू आणलास तर — तू वर आणलास तर मीच तो खाली आणेन, मग घर आपलं —

आरोहीनं पाय आत ठेवला —