पाचवी पायरी सोडून

८ सप्टेंबर, सोमवार
सुरक्षेचा जादा कार्यभार अखेर माझ्या गळ्यात! सेफ्टी ऑफिसर मे महिन्यात सोडून गेला, जागा तेव्हापासून रिकामी. आज मॅनेजर दिनानाथ म्हणाले, "शास्त्रीबुवा, तुमचं अक्षर चांगलं आहे." झालं! संस्कृत घेऊन एम.ए. झालो, पंचवीस वर्षं कंपनीची पत्रं लिहिली — आता फाटकापाशी फळ्यावर रोज एक सुरक्षा-वाक्य. आजचं: 'शिडी चढताना दोन्ही हात मोकळे ठेवा.'
ठेकेदाराकडचा हिरामण वाचत उभा. एका हातात पाना, दुसऱ्यात चहाचा ग्लास. "बुवा, मंग पाना काय दातात धरू?"
घरी सुनेत्रा हसत सुटली. "माळ्यावर चढताना स्टूल मी धरते, आणि तुम्ही सुरक्षा अधिकारी!"

९ सप्टेंबर
हिरामणने टाकीपाशी नेलं. लोखंडी शिडी, पायऱ्या बारा. खालचे रबरी बूट कधीच गेलेले. पाचव्या पायरीचं वेल्डिंग एका बाजूने सुटलंय. टाकीवरचा व्हॉल्व्ह फिरवायला हा गडी दिवसातून दोनदा तिच्यावर चढतो!
"पाचवी सोडायची, बस. सगल्यांना ठाव हाय. नव्या मान्साला पयलं त्येच शिकवतो." आणि चढून दाखवलं — एक, दोन, तीन, चार, हाप! सहा. चिखल ओलांडावा तसा पाय उचलला.
शिडीला संस्कृतात निःश्रेणी म्हणतात. एवढा भारदस्त शब्द या सांगाड्याला लावायला जीभ रेटेना. पाचव्या पायरीला लाल चिंधी बांधून आलो. माझ्या कारकिर्दीतली पहिली सुरक्षा-उपाययोजना.

१२ सप्टेंबर, शुक्रवार
नव्या शिडीसाठी पत्र दिलं. तोवर वेल्डिंग तरी करून घेऊ म्हटलं, दहा मिनिटांचं काम.
दिनानाथ — "अहो, जुनी दुरुस्त केली की नवी मंजूर होत नाही. मोडकी आहे म्हणून तर मागतोय ना आपण? दिवाळीनंतर बघू."
तर्कशास्त्राची अख्खी परीक्षा दिली आहे मी. हे त्यात नव्हतं.

१९ सप्टेंबर
दुसरं पत्र. काही होणार नाही, हे पत्र लिहितानाच कळत होतं. तरी शुद्धलेखन तपासलं.

१ ऑक्टोबर, बुधवार
खंडेनवमी. उद्या दसऱ्याची सुट्टी, म्हणून यंत्रांची पूजा आजच. दरवर्षी पूजा सांगतो मीच — कंपनीला भटजी फुकट. सकाळपासून धुणं-पुसणं, रंगरंगोटी. हिरामणने शिडीला चंदेरी रंग दिला. आरशासारखी लख्ख!
खालची टोकं मात्र गंजून खरबरीत, रंग धरेनात. म्हटलं, शिडी उलटी करून ती बाजू वर घे, झेंडूच्या माळांखाली झाकली जाईल. लाल चिंधी मीच सोडली. कळकट चिंधीवर कुंकू कसं वाहायचं? खिशात ठेवली, परवा परत बांधेन.
हिरामण शिडीच्या पाया पडला. म्हणाला, "सांभाल गो बाय." पेढे चांगले होते.

३ ऑक्टोबर, शुक्रवार
हिरामण पडला.
मी फळ्यावर लिहीत होतो — 'सण संपला, आता कामात लक्ष द्या.' 'लक्ष' लिहून झालं आणि आवाज आला.
चिंधी खिशातच होती.

५ ऑक्टोबर
उल्हासनगरला दवाखान्यात जाऊन आलो. कंबरेचं हाड मोडलंय, उजवा हात प्लास्टरमध्ये. पायाला चिमटा काढला तर कळत नाही म्हणतो. डॉक्टर नुसते "बघू" म्हणाले. दिवाळीनंतर बघू, त्यातलं बघू.
मला म्हणतो, "बुवा, मोजाया चुकलो. पाचवी सोडली आसंच वाटतंय... पन सोडली नसंल. रोजचं हाय म्हनून ध्यान नव्हतं."
मी म्हटलं, चिंधी मी काढली रे. तर हा मलाच समजावतो — "चिंधी कोन बगतो? पायाला पाठ हाय."
खरं सांगू? ऐकून बरं वाटलं मला. लाज वाटली, पण बरंही वाटलं.

७ ऑक्टोबर
अपघाताचा अहवाल. दिनानाथांनी सांगितला, मी लिहिला — 'सदर कामगाराने पायऱ्या मोजण्यात चूक केली. हे त्यास मान्य आहे.' खाली हिरामणच्या डाव्या हाताचा अंगठा. तो घ्यायला मीच गेलो होतो.
"वाचून दाखवू?" म्हटलं. "तुमी लिवलंय ना बुवा. मंग बरोबरच आसंल."
संध्याकाळी अहवाल वर गेला.

९ ऑक्टोबर
हिरामणची बायको बनूबाई फाटकापाशी उभी होती, मोरिवलीहून चालत आलेली. ठेकेदार म्हणतो, स्वतःच्या चुकीने पडलेल्याला परत घेणार नाही, बसून करायचं कामही देणार नाही.
"तुमी सबूद टाका, बुवा. त्यांनी निरोप धाडलाय — परत मोजाया चुकनार नाय."
टाकतो म्हटलं. दिनानाथांकडे गेलो. त्यांनी अहवालाची प्रत पुढे सरकवली. अक्षर खरंच चांगलं आहे माझं.

१० ऑक्टोबर, शुक्रवार
नवी शिडी आली. रबरी बूट घातलेली.
जुनी टाकीला तशीच टेकलेली, वर वाळका झेंडू. भंगारात जायच्या आधी जवळ गेलो. निखळलेली पायरी एका बाजूने लोंबतेय.
खालून मोजली — आठवी.
पुन्हा मोजली. आठवी.
मग वरून मोजली — पाचवी.
हिरामण चुकला नव्हता.