‘स्वाक्षरी करा’ दाबले असता भरतकामाचे यंत्र सुरू होत असल्याबाबत

प्रति,
मा. परवाना अधिकारी,
दुकान परवाना कार्यालय,
दुसरा मजला, जिन्याच्या उजव्या हाताला.

विषय : आपल्या संकेतस्थळावरील ‘स्वाक्षरी करा’ हे बटण, आमचे भरतकामाचे यंत्र आणि त्यातून पुढे उद्भवलेला प्रकार.

संदर्भ : आपल्या मदतकक्षाशी फोनवर वेळोवेळी झालेली बोलणी, तसेच आपल्या निरीक्षकांची दुकानास भेट.

महोदय,

मी खाली सही करणार अर्जदार सविनय सादर करते की, माझे व माझ्या थोरल्या नणंदबाईंचे भागीदारीत भरतकामाचे दुकान आहे. दुकानात एक संगणक असून त्यास भरतकामाचे यंत्र तारेने जोडलेले आहे. संगणकावर नक्षी निवडली की यंत्र ती कापडावर उतरवते.

१. परवान्याचे नूतनीकरण यंदापासून फक्त संकेतस्थळावरून, तेही दुकानातल्याच संगणकावरून करावे, असा आपला आदेश आहे. त्याप्रमाणे आपला स्वाक्षरीचा प्रोग्राम आम्ही संगणकावर उतरवून घेतला. पानावरील ‘स्वाक्षरी करा’ हे बटण दाबले की तो प्रोग्राम आपोआप उघडेल, असे सूचनांत म्हटले होते. बटण दाबल्यावर पडद्यावर प्रश्न आला : ‘हे संकेतस्थळ आपल्या संगणकावरील प्रोग्राम उघडू इच्छिते. परवानगी आहे?’ कोणता प्रोग्राम, ते लिहिलेले नव्हते. मी घुटमळले. नणंदबाई म्हणाल्या, “दे गं वहिनी परवानगी. विचारून आत येणारा चोर नसतो.”

मी परवानगी दिली आणि पाठीमागे यंत्र सुरू झाले.

त्या वेळी यंत्राच्या कापड ताणून धरणाऱ्या रिंगमध्ये आमचे गिऱ्हाईक असलेल्या बँडमास्तरांचा लाल कोट लावलेला होता. त्याच्या पाठीवर बँडचे नाव भरायचे होते. मी धावत जाऊन वीज बंद करेपर्यंत सोनेरी दोऱ्यात, ठसठशीत अक्षरांत, ‘मी याद्वारे घोषित करतो की’ एवढा मजकूर भरून झाला होता.

२. आपल्या मदतकक्षातील गृहस्थ अत्यंत सौजन्याने बोलले. त्यांनी “बंद करून चालू करा” असे सांगितले. त्याप्रमाणे केले असता यंत्राने पुढचा शब्द घेतला, कारण दोरा जिथे तुटला तिथूनच पुन्हा सुरुवात करण्याची त्यास सवय आहे. सुदैवाने तोवर मी कोट काढून उशीचा अभ्रा लावला होता. रिकाम्या रिंगवर यंत्र चालवले तर सुई मोडते, त्यामुळे प्रत्येक प्रयत्नाला काही ना काही कापड द्यावेच लागले. “आता पडद्यावर काय दिसतंय?” असे त्या गृहस्थांनी विचारले, तेव्हा पडद्यावर काहीच दिसत नव्हते. अभ्र्यावर मात्र ‘माहिती खोटी आढळल्यास मी शिक्षेस पात्र राहीन’ असे दिसत होते.

शेवटी त्यांच्या वरिष्ठांनी उलगडा केला. आपले पान स्वाक्षरीच्या प्रोग्रामला ‘सही’ या नावाने हाक मारते. आमच्या भरतकामाच्या प्रोग्राममध्ये रुमालावर नावाची अक्षरे भरण्याची सोय आहे आणि त्यानेही स्वतःचे नाव ‘सही’ असेच लावून घेतले आहे. जिन्यात उभे राहून “अहो” म्हणावे आणि भलत्याच नवऱ्याने ओ द्यावी, तशातला हा प्रकार. यावर उपाय म्हणून भरतकामाचा प्रोग्राम काढून टाकावा, असे त्यांनी सुचवले. म्हणजे दुकान चालू ठेवण्याचा परवाना मिळावा यासाठी आधी दुकान बंद करावे. साहेब, हा सल्ला नणंदबाईंना सांगण्याचे धैर्य मला दोन दिवस झाले नाही.

३. येथे नमूद करणे प्राप्त आहे की, बँडमास्तरांचा त्याच संध्याकाळी बागेत कार्यक्रम होता आणि त्यांच्याकडे दुसरा कोट नव्हता. ते बरेच बोलले, ते येथे लिहिण्याजोगे नाही. वाजवणाऱ्यांकडे तोंड करून हातवारे करायचे म्हणजे श्रोत्यांकडे पाठ आलीच. परिणामी संपूर्ण कार्यक्रमभर लोक ‘मी याद्वारे घोषित करतो की’ हे वाचत राहिले आणि मास्तर आता काय घोषित करतात, या उत्सुकतेपोटी एकही जण उठून गेला नाही. असे पूर्वी कधी घडले नव्हते म्हणे. मास्तरांनी आता तो मजकूर उसवण्यास नकार दिला आहे.

४. प्रत्येक प्रयत्नानंतर पान विचारते : ‘स्वाक्षरी पूर्ण झाली काय?’ आम्ही प्रामाणिकपणे ‘नाही’ दाबत होतो. “सही उशीवर झालीय, हो कसं म्हणायचं?” असे नणंदबाईंचे मत पडले. पान पुन्हा पहिल्यापासून सुरू होई. असे करता करता मुदत संपली आणि दुकानास सील लावण्यासाठी आपले निरीक्षक आले.

निरीक्षक साहेब वयाने पोक्त, बोलण्यात मवाळ आहेत. “असं होतच नाही,” असे म्हणून ते स्वतः संगणकापुढे बसले आणि तपासणीसाठी त्यांनी स्वतःच्याच ओळखक्रमांकाने आमच्या अर्जाचे पान उघडले. नणंदबाई म्हणाल्या, “साहेब, रिंगमध्ये कापड लागतं.” साहेबांनी कार्यालयाच्या प्रणालीवरील पूर्ण विश्वासाने गळ्यातला टाय काढून दिला. यंत्राने त्यावर ‘अर्जदाराची स्वाक्षरी’ असे भरले, कारण टायवर तेवढेच मावले. साहेबांनी टाय उलटसुलट करून पाहिला. मग म्हणाले, “बटण दाबलं, प्रोग्राम उघडला. नियमात एवढंच आहे.” आणि त्यांनी ‘होय’ दाबले.

महोदय, त्याच क्षणी परवाना निघाला. आमचे दुकान, आमचा पत्ता, आमचेच यंत्र. मालकाच्या रकान्यात मात्र निरीक्षकांचे नाव.

५. परवानाधारकाच्या गैरहजेरीत दुकान चालवणे हा गुन्हा असल्याचे त्यांनीच आम्हाला समजावून सांगितले. तेव्हापासून ते रोज कचेरी सुटल्यावर दुकानात येऊन बसतात आणि आम्हीही दुकान संध्याकाळीच उघडतो. पहिल्या दिवशी ते नुसते बसून होते. दुसऱ्या दिवशी त्यांनी बॉबिन भरायला घेतली. आता सुईत दोरा ओवतात, गिऱ्हाइकाला “उद्या या” असे सांगतात आणि चहा माझ्यापेक्षा बरा करतात. गेली बरीच वर्षे ते एकटेच राहतात, असे बोलण्यात आले. मी विचारले नव्हते. नणंदबाईंनी विचारले होते.

नणंदबाईंविषयी थोडे सांगणे आवश्यक आहे. त्या अविवाहित असून या दुकानात त्यांच्या कात्रीला हात लावण्याची कोणाची छाती नाही. माझ्या यजमानांनी एकदा त्या कात्रीने पुठ्ठा कापला, तर सख्ख्या भावाशी त्यांनी दिवाणखान्यात आठवडाभर अबोला धरला. काल निरीक्षक साहेबांनी कात्री मागितली. नणंदबाईंनी ती पुसून, मुठीकडून पुढे केली. मी हातातले काम खाली ठेवून पाहतच राहिले.

सबब विनंती की, सदर परवाना निरीक्षकांच्या नावावरून आम्हा दोघींच्या नावे करून मिळावा. परवाना बदलण्याच्या अर्जावर दोन्ही भागीदारांच्या सह्या आवश्यक आहेत, हे मला ठाऊक आहे. माझी खाली आहे. नणंदबाईंपुढे कागद दोनदा ठेवला. दोन्ही वेळा त्यांनी तो बाजूला सारला आणि दाराकडे पाहत म्हणाल्या, “एवढी घाई काय आहे, वहिनी?”

आपली नम्र आणि तूर्त बिनपरवान्याची,
(सही)
भरतकाम दुकानाची धाकटी भागीदार

(सही करण्यास नकार)
थोरली भागीदार

दिनांक : ११ मार्च

सोबत :
१) उशीचा अभ्रा, धुऊन व इस्त्री करून.
२) बँडमास्तरांच्या पाठीचे छायाचित्र.
३) निरीक्षकांचा टाय जोडता आला नाही. तो नणंदबाईंकडे आहे आणि त्या देत नाहीत.