दुसरं धोतर

अकोला,
मंगळवार

प्रिय बाबा,

फोनवर तुम्ही ‘बरं, बरं’ म्हणता आणि फोन आईकडे देता, म्हणून पत्र लिहून उद्याच्या एसटीच्या कंडक्टरबरोबर पाठवतेय. ओळीवर बोट ठेवून सावकाश वाचा.

डाळ मिलमधलं माझं काम तुम्हाला ऑफिसचं वाटतं. असतं एवढंच, की हजेरी लावायची आणि बायकांचे फॉर्म भरायचे. मागच्या महिन्यात नवा फॉर्म आला, त्यात ‘मालकाचं नाव’ असा रकाना होता. मी काही न सुचवता एकेकीला विचारत गेले. कुणी मिलच्या शेठचं नाव सांगितलं, कुणी मॅनेजर किशोर सरांचं, आणि तिघींनी ऑटोवाल्या तौहीदभाईचं! असं कसं, म्हटलं, तर त्यातली रागिणी म्हणाली, “तोच तं सकाळी सांगते, आज काम हाय का नाई.” सगळ्या हसल्या, मीही हसले. पण बरोबर उत्तर मलाही सांगता येईना. कागदावर त्या मिलच्या नाहीत, एका ठेकेदाराच्या आहेत. त्याला कुणी पाहिलेलं नाही.

मग बेबीताईंची दोन बोटं पिशव्या चिकटवायच्या मशीनमध्ये सापडली. जेवणाच्या सुट्टीत मला स्वतःच्या डब्यातला ठेचा वाढणाऱ्या बेबीताई. दवाखान्याच्या खर्चाचं विचारायला गेले तर मिल म्हणाली, ठेकेदाराला विचारा. त्याचा फोन बंद. पत्ता अचलपूरचा होता, म्हणून रविवारी एसटीने गेले. बोर्ड होता, शटर बंद होतं. शेजारी बांगड्यांचं दुकान चालवणाऱ्या हमिदाआपा म्हणाल्या, दिवाळीपासून इथं कुणी फिरकलं नाही, त्यांचं टपाल मीच खोक्यात टाकते. त्यांनी चहा पाजला आणि मी कुणाकडे कामाला आहे ते विचारलं. मी ऐटीत पर्समधून नेमणूकपत्र काढलं. वर हाच पत्ता होता, बाबा. वर्षभर ते पत्र जवळ बाळगून मी कधी वरची ओळ वाचलीच नव्हती. बायकांना हसणारी मी.

परतीच्या बसमध्ये तुमची सालदारी आठवत होती. अखजीच्या सणाला सहदेव पाटील स्वतः आपल्या दारात यायचे, तुमच्या हातात नवं धोतर द्यायचे आणि पुढचं साल धरणार का म्हणून विचारायचे. मालक कोण, हे मला पाचव्या वर्षीही ठाऊक होतं. किती सरळ होतं सगळं, असं मनात आलं. आणि मग ते वर्ष आठवलं, जेव्हा पाटलांनी दोन धोतरं आणली होती.

त्यातलं एक तुम्ही कधी नेसला नाहीत. पेटीच्या तळाशी घडीच्या घडी राहिलं. मी विचारलं की म्हणायचात, “मोठी झाली का सांगीन.” तुम्ही सांगितलं नाहीत. मी कॉलेजात असताना आईने सांगितलं. त्याच वर्षी देवमनकाकांचा हात पाटलांच्या थ्रेशरमध्ये गेला, आणि पाटील म्हणाले, हा आमच्या कामावर नव्हताच, आपणहून आला होता. त्या सकाळी काकांना बोलावून आणणारे तुम्हीच होता. तुम्ही गप्प राहिलात. मी तेव्हा तुमच्यावर आठ दिवस रुसले होते. का, ते तुम्हाला कळलंच नाही.

आज ते सगळं लिहिण्याचं कारण असं, की गुरुवारी कामगार कार्यालयातले साहेब चौकशीला येणार आहेत. काल किशोर सरांनी मला बोलावलं. माणूस वाईट नाही, त्यांनाही वरून सांगितलेलं असतं. टेबलावर दोन कागद होते. एकावर लिहिलं होतं, की बेबीताई त्या दिवशी कामावर नव्हत्या, आणि खाली माझ्या सहीची जागा. दुसरं माझं नवं नेमणूकपत्र. पक्कं, थेट मिलचं, वर शेठचं नाव. त्या दिवसाची बेबीताईंची हजेरी मीच लावली आहे, बाबा. ‘विचार करते’ म्हणून उठले, आणि जिना उतरताना कळलं की क्षणभर माझा हात खरंच पेनाकडे गेला होता. तेव्हापासून तुमच्यावर रुसायचा हक्क मला राहिलेला नाही. गुरुवारी मी हजेरीबुक साहेबांसमोर ठेवणार आहे, आणि संध्याकाळच्या गाडीने बहुधा सामानासकट येईन. फाट्यावर घ्यायला या. आईला आधीच काही सांगू नका. येताना वाटेत मला एवढंच सांगा, की त्यानंतर रोज पाटलांच्या शेतात जाताना कसं वाटायचं. आता मी विचारण्याएवढी मोठी झाले आहे.

तुमचीच,
प्रणाली