तेजस्वी एकवीस दिवसांत बोलणार

५ जानेवारी, सोमवार
आजपासून रोजनिशी. कारण, आमची तेजस्वी. वय साडेपाच, बोलत नाही. डॉक्टर म्हणाले ऑटिझम. बायको प्रियदर्शनी म्हणाली, "व्हय, मला वाटलंच होतं." मला नाही वाटलं. मी कारखान्यात शिफ्ट इनचार्ज आहे. बंद पडलेली मशीन दिवसात चालू करतो. पोरीला एकवीस दिवस पुरेत.

६ जानेवारी
मूळ सापडलं. सीमाप्रश्न! बेळगावजवळ आमच्या येळ्ळूरमध्ये घरी मराठी, शेजारी कन्नड, शाळेत इंग्लिश. पोरगी कुठल्या भाषेत बोलावं या विचारात गप्प आहे. आजपासून घरात कन्नड बंद.

७ जानेवारी
कारखान्यातून फोन. वीस मिनिटं कन्नडमध्ये भांडलो. पण अंगणात जाऊन. नियम मोडला नाही.

११ जानेवारी, रविवार
प्रियदर्शनी तिला आठवड्यातून दोनदा थेरपीला नेते. तिथे चित्रांची कार्डं दाखवतात म्हणे. पत्ते बघून कोण बोलायला लागतं? मी तिला 'माझं नाव तेजस्वी' शिकवायला घेतलं. तीनशे वेळा म्हटलं. पाठ झालं. मला.

१७ जानेवारी, शनिवार
दिवस तेरावा. लाजाळूपणा गर्दीनेच जातो, म्हणून बेळगावच्या खडेबाजारात नेलं. हॉर्न, स्पीकर. तेजस्वीने कान दाबले, बांगड्यांच्या दुकानापुढे आडवी पडली आणि किंचाळत सुटली. एक बाई म्हणाली, "लई लाडावून ठेवलीया." मग मीही ओरडलो. ती आणखी जोरात. शेवटी प्रियदर्शनीला फोन. ती म्हणाली, "वरडू नगा. तिच्या जवळ खाली बसा आणि गप ऱ्हावा." बसलो, भर रस्त्यात. स्कूटरवाले काय काय बोलले ते इथे लिहीत नाही. दहा मिनिटांनी पोरगी शांत झाली.
निष्कर्ष : ऊन फार होतं.

२५ जानेवारी, रविवार
दिवस एकविसावा. सदलग्यात मावसभावाचं लग्न. तेजस्वी माइकवर नाव सांगणार असं मी सगळ्यांना सांगून ठेवलेलं. तेजस्वीने मंडपाबाहेरच्या चपला मापाप्रमाणे ओळीत लावल्या. डाव्या इकडे, उजव्या तिकडे. निम्मं वऱ्हाड अनवाणी जेवायला. मी म्हटलं, मॅनेजमेंटला जाणार पोरगी. जयाआत्याने विचारलं, "बोलत का न्हाय रं ही?" मी म्हटलं, सर्दी झालीय. प्रियदर्शनी सगळ्यांसमोर म्हणाली, "ऑटिझम हाय आत्या तिला. जन्मापासनं. सर्दी ह्यास्नी झालीया."
हसले सगळे. बायकोशी अबोला सुरू.

२७ जानेवारी
अबोल्याचा तिसरा दिवस. प्रियदर्शनीला आज संध्याकाळी कळलं. म्हणाली, "घरात एक न बोलणारी हाय, तिचं मी बघते. दुसऱ्याचं न्हाय जमायचं मला." मग भाकरी थापता थापता रडायला लागली. मला वाटलं धूर. गॅस आहे आमच्याकडे.

३१ जानेवारी, शनिवार
थेरपीला गेलो. चुका काढायला. तिथल्या बाईंनी फॉर्म दिला. मुलीला काय आवडतं, कशाने घाबरते, काय हवंय ते कसं सांगते? वीस प्रश्न. मी नाव आणि जन्मतारीख लिहिली. प्रियदर्शनीने जन्मतारीख दुरुस्त केली.
मग तेजस्वीची कार्डांची वही बघितली. पाणी, झोका, दहीभात, आई, मांजर, रिक्षावाले मामा. बाबा नाही. विचारलं, का? बाई सरळपणे म्हणाल्या, "ज्याच्याकडं ती काही मागते, त्याचं कार्ड करतो आम्ही."
येताना गाडी दोनदा बंद पडली. मीच चुकीच्या गिअरमध्ये होतो.

२ फेब्रुवारी, सोमवार
रजा टाकून स्वतःचा फोटो काढला. कार्ड केलं. तेजस्वीने ते उलटसुलट बघितलं आणि वहीत मांजराच्या मागे ठेवलं. ठीक आहे. मांजर आधीपासून आहे.
दुपारी ती आपण होऊन माझ्याजवळ आली आणि दहीभाताचं कार्ड माझ्या हातात ठेवलं. माझ्या. प्रियदर्शनी तिथेच होती, तरी.
मी ताठ उठलो, स्वयंपाकघरात गेलो, आणि दही कुठे ठेवतात हे विचारायला प्रियदर्शनीला हाक मारली.