अर्धी गोळी

पुणे, १२ फेब्रुवारी १९९८

सौ. पुष्पास,

चष्मा न शोधता वाचता यावं म्हणून अक्षर मोठं काढलंय. माझी काळजी करू नको. जिना चढताना आता छाती भरत न्हाई. आपला वसंता दर सोमवारी दवाखान्यात नेतो. छातीला तारा लावल्या की मी चौथीतल्या कविता मनात म्हणतो, मंग ठोके बराबर तालात पडतात.

पण तिथल्या संशोधनावर माझा बिलकुल भरवसा न्हाई. हृदय आणि साखरेची नवी गोळी तपासून राह्यलेत. निम्म्या लोकांना खरी, निम्म्यांना नुसती पिठाची. कुणाला कोणती, ते म्हणे डॉक्टरलाही ठाऊक नसतं. असं कुठं असतं का?

शेजारच्या बाकावर अंबडचे निवृत्त तलाठी खरात बसतात. ते म्हणाले, "मास्तर, मला तर पिठाचीच देतात. तुमची मोडा, मीबी मोडतो." तेव्हापासून आठवड्याच्या गोळ्या आम्ही शाळेतल्या पेरूसारख्या अर्ध्या-अर्ध्या वाटून घेतो.

परवा डॉक्टरीणबाई म्हणाल्या, "गुण दिसला तर ही गोळी गावोगावी जाईल." म्हणजे उद्या ती परतूरला तुझ्याही हातावर पडणार, आणि वहीत आमची खोटी नोंद!

सोमवारी सगळं सांगून टाकतो. खरात म्हणतात, यादीतून नाव काढून टाकतील. काढू दे.

तुझी साखर किती आली? मागच्या तिन्ही पत्रांत तू एकच आकडा लिहिलास. आता खरा लिही.

तुझी वाट बघणारा,
मच्छिंद्र