तिसऱ्या दिवशी वाचलेली रोझमेरी

आई, तुला पत्र लिहायची माझ्यावर कधी वेळच आली नाही. लग्न होऊनही मी बोरिवलीतच राहिले, चार गल्ल्या सोडून. काही सांगायचं झालं की चपला पायात सरकवायच्या आणि तुझ्याकडे यायचं. आज लिहायला बसलेय ते नातसुनेमुळे. तिने गॅलरीत रोझमेरी लावलीय आणि मला शिकवतेय, "आजी, याला पाणी कमी लागतं हं." मला! मी म्हटलं, बाई गं, हे मी दहा वर्षांची असताना शिकलेय, आणि चांगलीच अद्दल घडून शिकलेय.

तेव्हा आपलं घर कौलारू होतं आणि मागे परस होतं. समोर राहणाऱ्या ख्रिस्ती नर्सबाईंनी तुला रोझमेरीची फांदी दिली, त्यांची बहीण निलगिरीच्या थंड हवेतून घेऊन आली होती. "याचे लाड करू नको बाय, मरेल," एवढंच त्या म्हणाल्या. हे उभं वाढणारं झाड नव्हतं, बुटकं, जमिनीलगत पसरणारं. तू रॉकेलचा डबा आडवा कापलास, खिळ्याने भोकं पाडलीस, तळाशी विटांचे तुकडे, वर रेती आणि भिंतीचा पडलेला चुना. डबा पागोळीच्या आत, पाऊस लागणार नाही पण ऊन मिळेल असा. रोज मातीत बोट खुपसून बघायचीस, कोरडी लागली तरच पाणी. शेंडे नखाने खुडायचीस, म्हणजे ते भरगच्च राहील. मग तीच बोटं नाकाशी धरून उभी राहायचीस, डोळे मिटून. आत्या म्हणायची, "देवाला चालत नाही, आमटीला चालत नाही, मग हवंय कशाला ते?" आणि तू म्हणायचीस, "मला आवडतं, वन्सं." बस्स. त्या घरात देवाचं, बाबांचं, आत्याचं, आम्हा पोरांचं सगळं होतं. तुझं म्हणून एवढं एकच.

श्रावणात तू बाजूला बसलीस. चार दिवस पडवीच्या कोपऱ्यात घोंगडीवर, ताट-वाटी वेगळी, आणि झाडांकडे तर फिरकायचंसुद्धा नाही. विटाळशीचा हात लागला की झाड जळतं, असं आत्याचं ठाम मत. तुळशीला पाणी घालायचं काम माझ्याकडे आलं. मला वाटलं, देवाच्या झाडाला रोज तांब्याभर पाणी, आणि माझ्या आईचं झाड उपाशी? छे! मी रोझमेरीलाही रोज तांब्याभर ओतलं. वर नमस्कारही केला. तिसऱ्या दिवशी पानं काळवंडून लोंबायला लागली, तर मी आणखी एक तांब्या ओतला आणि धावत तुझ्याकडे आले. "आई, मी रोज पाणी घालतेय तरी ते मलूल झालंय."

"रोज?" तू उठलीसच. "अगं माझे आई!"

आत्या मधल्या दारात वाती वळत बसलेली. "कुठे निघालीस? तिसरा दिवस आहे तुझा."

"झाड मरतंय, वन्सं."

"तुझा हात लागला तर मरेलच."

"बघू या."

तुझा आवाज चढला नव्हता. मी तुझ्यामागे निघाले तर म्हणालीस, "तू लांब उभी राहा, मला शिवू नकोस. उगाच तुलाही डोक्यावरून आंघोळ घालतील." मग डब्यातून अख्खं झाड उपसलंस, कुजकी मुळं विळीवर कापलीस, धड उरलेल्या चार फांद्या कोरड्या रेतीत खोचल्यास. आत्या दारातून बघत होती. एवढं मलाही कळत होतं की हे आता जगलंच पाहिजे. मेलं असतं, तर आत्याने जन्मभर तुला तेच ऐकवलं असतं, आणि मारलेलं मी असतं.

आत्या आठ दिवस तुझ्या हातचं जेवली नाही. बाबा म्हणाले, "एवढ्याशा झाडापायी कशाला?" मला एकदाही रागावली नाहीस, फक्त माझं बोट धरून मातीत खुपसलंस आणि म्हणालीस, "आधी विचारायचं त्याला." दोन फांद्या गेल्या. दोन जगल्या. दिवाळीपर्यंत त्या डब्याच्या काठावरून खाली उतरल्या होत्या. आत्या म्हणाली, "परदेशी झाड ते, त्याला काय कळतंय विटाळ!" आणि तू इतकी हसलीस, आई! मला तुझा तेव्हा जो अभिमान वाटला तो आजतागायत उतरलेला नाही. ही गोष्ट मी सगळ्यांना सांगत आलेय. नातसुनेलाही आज सांगितली. ती म्हणाली, "झकास होत्या तुमच्या आई." आणि माझ्याकडे अशी बघायला लागली, जशी काही मीही तुझ्यासारखीच.

हे पत्र टाकायचं कुठे, ते मलाही ठाऊक नाही. घडी घालून ठेवून देईन. पण तिला जे सांगितलं नाही, ते इथे लिहिते. माझी लेक तेरा वर्षांची झाली त्या वर्षी तू माझ्याकडे राहायला आली होतीस. तिचा दुसरा दिवस होता. खोकला झाला म्हणून ती तुळशीची पानं तोडायला गेली आणि मी स्वयंपाकघरातून ओरडले, "हात लावू नकोस, जळेल ते!" पोरीने मुकाट्याने हात मागे घेतला. तू बाहेर मेथी निवडत बसली होतीस. तुझे हात थांबले, मग पुन्हा चालू झाले. तू काही बोलली नाहीस, आणि त्यानंतर बरीच वर्षं तू होतीस, तरी मीही तो विषय कधी काढला नाही.