गूळ-पाणी

आई, तुला जाऊन इतकी वर्षं झाली आणि आज मला तुझीच भीती वाटतेय. इतरांची तर वाटतेच, ती लहानपणापासून अंगात मुरलीय.

पाटणच्या डोंगरातलं आपलं गाव धरणात गेलं आणि आपल्याला इस्लामपूरकडच्या सपाटीवर, पत्र्याच्या शेडमध्ये आणून टाकलं. तिथल्या गावाने आपल्याला नावच पाडलं, 'धरणातली'. दुसऱ्याच दिवशी गावातला एक वडीलधारा माणूस दारात आला. घरात पाण्याचा एकच हंडा, तरी तू गूळ-पाणी पुढे केलंस. त्याने वाटीकडे बघितलंसुद्धा नाही. "तान न्हाई मला. तुमी हितनं कवा जानार, त्येवढं सांगा." तो गेल्यावर मी गुळाकडे बघत बसले, पण तू तो मला दिला नाहीस, परत डब्यात ठेवलास. "दुसरं कोन तरी येईल की," म्हणालीस. मी आठ वर्षांची. त्यानंतर शाळेतून येताना वळणावरच थांबायची, आपले पत्रे जागेवर दिसले की मगच पुढे पाऊल टाकायची.

पुढे फौजीशी लग्न झालं. लांबच्या क्वार्टरमध्ये कुणी गाव विचारलं की 'महाराष्ट्र' म्हटलं तरी भागायचं. लांब जावं तसं माझं गाव मोठं होत गेलं, आणि साताऱ्यात परतले तेव्हा पुन्हा आक्रसलं. इथे कुणी "मूळच्या कुठल्या?" विचारलं की मी अजून विषय बदलते.

आमच्या बिल्डिंगमध्ये तिसऱ्या मजल्यावर बिहारचं एक कुटुंब भाड्याने राहतं. नवरा एमआयडीसीत कामाला. बाहेरचे लोक नकोत म्हणून आज सगळ्यांनी कागदावर सह्या केल्या. सोसायटीचे चेअरमन मला म्हणाले, "ताई, तुमी फौजेत ऱ्हायलाय, हिंदी येतंय. तुमीच सांगा त्यास्नी." मी पेन खाली ठेवलं. तर हसत हसत म्हणतात, "का वो? तुमी बी बाहेरनंच आलाय, म्हनून व्हय?" पेन परत उचललं. मी सही केली.

कागद घेऊन मी वर जाते. चेअरमन मागे जिन्यात थांबलेत. बाई दार उघडते, कडेवर मूल. कागदाकडे तिचं लक्षच नाही. मला उभी बघून ती आत जाते आणि वाटीत गुळाचा खडा, सोबत पाण्याचा तांब्या घेऊन येते. "दीदी, पहले पानी पीजिए." त्यांच्याकडेही हीच रीत आहे गं, मला कुठं माहीत होतं! वाटी तिने अगदी तुझ्यासारखी दोन्ही हातांनी धरली होती.

"प्यास नहीं है," मी म्हणाले. "घर कब खाली करोगे?"

तिने आत जाऊन गूळ डब्यात ठेवला, झाकण लावल्याचा आवाज मला दारात ऐकू आला.

हे पत्र कुठे टाकणार? आपलं गाव तर पाण्याखाली. आणि पत्ता असता तरी टाकलं नसतं, कारण तू पहिलं एकच विचारलं असतंस. म्हणून इथेच सांगून टाकते. तिसरा मजला चढून गेले होते, घशाला कोरड पडली होती. मला तहान लागली होती, आई.